सुतळीने बांधलेली खिडकी

दिवाळी आठ दिवसांवर आली की आपल्या घरोघरी सफाईची झुंबड उडते. माळ्यावरची भांडी खाली येतात, जळमटे निघतात, भिंतींना रंग लागतो, पडदे धुऊन पुन्हा टांगले जातात. आणि एवढे सगळे झाल्यावर त्या धुतलेल्या पडद्याआड स्वयंपाकघराची खिडकी मात्र जशी होती तशीच असते. तिची मूठ गेल्या पावसाळ्यात तुटलेली आणि झडप गजाला सुतळीने बांधलेली! कुणाकडे सुतळी, कुणाकडे पायजम्याची नाडी, तर कुणाकडे टीव्हीची जुनी वायर. लक्ष्मी यायची ती दारातून येईल, खिडकीशी तिला काय काम, असा आपला हिशेब असावा.

मी या सुतळीविरुद्ध लिहायला बसलो आहे. कोणी म्हणेल, "मास्तर, देशापुढे एवढे मोठे प्रश्न असताना तुम्हांला खिडकीची मूठच सापडली का?" मोठ्या प्रश्नांवर लिहिणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. तुटलेल्या मुठीवर कोणी लिहीत नाही, आणि ती तर घराघरांत आहे. शिवाय मोठ्या प्रश्नांपुढे आपण हात टेकतो, तेव्हा निदान ते आपल्या हातातले नसतात. मूठ अगदी आपल्या हातातली आहे, आणि तिच्यापुढेही आपण हात टेकतो. याचा मला राग आहे.

सुतळी बांधली म्हणजे काय होते, ते पाहा. रोज गाठ सोडायची आणि रोज मारायची, हे चार दिवस चालते. पाचव्या दिवसापासून खिडकी कायमची बंद राहते. फोडणीचा धूर आत कोंडतो. भिंतीच्या कोपऱ्यात ओल धरते, तिच्यावर बुरशीचे काळे ठिपके उमटतात. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टराने १८८२ साली शोधून काढला. तो हवेतून पसरतो आणि कोंदट खोलीत त्याचे चांगले फावते. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयांसाठी एक मार्गदर्शिकाच काढली, ती खिडक्यादारांतून वाहणाऱ्या नैसर्गिक हवेचा संसर्ग रोखण्याकामी उपयोग कसा करावा याविषयी होती. २०२० च्या त्या महामारीत तर खिडक्या उघड्या ठेवा, असा घोष आपण सर्वांनीच ऐकला. तो ऐकून किती सुतळ्या सुटल्या असतील, देव जाणे.

उलट, सुतळीही न बांधता झडप तशीच सोडली, तर वाऱ्याने ती आपटते, काच तडकते, पाऊस आत येतो, संध्याकाळी डास येतात. आणि चौथ्या मजल्यावरच्या खिडकीशी खुर्ची ओढून नेणारे पोर घरात असेल, तर पुढचे मी लिहीत नाही.

बरे, ही अडचण सोसतो कोण? ज्याची दिवसातली पाच-सहा तास त्या खिडकीशी गाठ आहे तोच, म्हणजे बहुतेक घरांत ती. "अहो, त्या खिडकीचं तेवढं बघा ना," असे ती आषाढात म्हणते. "रविवारी बघू," असे उत्तर मिळते. आषाढातला तो रविवार अश्विनातही उगवत नाही. याच गृहस्थाच्या स्कूटरचा ब्रेकचा दांडा तुटू द्या! त्याच संध्याकाळी तो मेकॅनिककडे उभा असतो, आणि नवा दांडा बसेपर्यंत तेथून हलत नाही. घरातली कोणती वस्तू लगेच दुरुस्त होते आणि कोणती वर्षभर पडून राहते, याची यादी करून पाहा. त्या घरात कोणाच्या शब्दाला काय किंमत आहे, ते वेगळे विचारावे लागणार नाही.

आता सबबी ऐकू. पहिली सबब अशी, की ते सुताराचे काम, आपले नव्हे. ही सबब फार जुनी आहे आणि तिची मुळे खोल गेलेली आहेत. ज्याच्या हाताला घट्टे तो खालचा आणि ज्याच्या हातात बोरू तो वरचा, ही वाटणी आपण शतकानुशतके केली. बोरू गेला, टाक गेला, पेनही जाऊन संगणक आला, पण वाटणी गेली नाही. नववीच्या वर्गात मी एकदा विचारले, "मळसूत्र सोडवायचे तर कोणत्या बाजूला फिरवायचे?" तरफेचे तीन प्रकार उदाहरणांसह घडाघड म्हणणारा वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरून एका मुलीने सांगितले, "डावीकडे सर, घड्याळाच्या काट्यांच्या उलट." उत्तर बरोबर होते. तरी दोन-तीन मुले हसली, आणि त्यांतला एक म्हणाला, "सर, तिचे बाबा ग्रिल बनवतात." मुलगी खाली बसली. ज्ञानाची शरम वाटावी असे शिक्षण आपण देत आहोत, आणि ते देणाऱ्यांत मीही एक पगारी नोकर आहे, म्हणूनच हे लिहिण्याचा मला अधिकार आहे.

कोणी सांगितले नव्हते असेही नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण ही कल्पना मांडली, आणि झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव शाळेत आणा म्हणून सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्यासारख्या स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे लिहिलेले आहे. कागदावर आपण कधीच मागे नव्हतो. पण कार्यानुभवाच्या तासाला किती शाळांत गणिताचा राहिलेला भाग उरकला जातो, हे पालकांनो, तुमच्या पाल्यालाच विचारा. आणि ज्या दिवशी तो खरोखर हाताने काही करील त्या दिवशी "हे कशाला शिकवता, परीक्षेत येतं का?" म्हणून चिठ्ठी पाठवू नका.

दुसरी सबब बाजाराने आपल्या तोंडी घातली आहे. "मूठ मिळत नाही हो, पूर्ण खिडकीच बदलावी लागेल." मला एका दुकानदाराने अगदी हेच ऐकवले, वर नव्या खिडकीचे चौरस फुटाचे दरही सांगितले. पूर्वीच्या पितळी मुठी झिजत, वाकत; मोडल्या तर डाग देऊन जोडता येत. आताच्या पुष्कळशा मुठी जस्ताच्या ओतीव मिश्रधातूच्या असतात. १९२९ साली अमेरिकेतल्या एका जस्ताच्या कंपनीने 'झमाक' नावाने हा मिश्रधातू काढला. त्यात जस्ताबरोबर सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम असते. आपल्या बाजारात तो 'व्हाइट मेटल' या मोघम नावाने खपतो. साच्यात तो सुबक उतरतो आणि वर मुलामा दिला की चांदीसारखा दिसतो. पण तो पितळेपेक्षा पुष्कळच कमी उष्णतेला वितळतो, म्हणून तुटल्यावर त्याला पितळेसारखा डाग देता येत नाही. अशी मूठ बदलायचीच असते, एवढे कबूल. पण त्यासाठी चौकट, झडप, काच आणि भिंतीचा गिलावा बदलायचा? कोटाची गुंडी तुटली म्हणून शिंप्याने कोट नवा शिवायला सांगितला, तर आपण काय म्हणू?

मी इंजिनियर नव्हे. मॅट्रिकच्या पलीकडे माझी पाटी गेलेली नाही. तरीही ही मूठ बदलणे काय आहे ते अर्ध्या स्तंभात सांगतो. प्रथम झडप आतून दोरीने पक्की धरून ठेवा, म्हणजे मूठ काढल्यावर ती वाऱ्याने बाहेर फेकली जाणार नाही. वरच्या मजल्यावर खिडकीबाहेर वाकायचे नाही, सगळे काम आतून होते. खाली एक फडके पसरा, पडलेला स्क्रू त्यावर सापडेल. यूपीव्हीसीच्या, फिरवायच्या मुठीच्या खिडकीत मुठीच्या बुडाशी एक झाकणी असते. ती किंचित उचलून पाव वळसा फिरवली की खाली दोन स्क्रू दिसतात. ते काढले की मूठ हातात येते. तिला मागे एक चौकोनी दांडी असते. मोजपट्टी घेऊन तीन मापे लिहा: दांडीची जाडी, ती बहुधा ७ मिलिमीटर भरते, दोन स्क्रूंमधले अंतर, ते युरोपी धर्तीच्या मुठीत ४३ मिलिमीटर असते, आणि दांडीची बाहेर आलेली लांबी, जी खिडकीगणिक बदलते. बहुतेक माणसे फसतात ती या तिसऱ्या मापात. लोक रंग पाहून मूठ आणतात आणि ती बसली नाही की खिडकीला दोष देतात. तुटलेली मूठच खिशात घालून दुकानात जावे, हे सर्वांत उत्तम.

जुन्या लोखंडी खिडकीत रंगाचे थर स्क्रूच्या खाचेत बसलेले असतात. ते आधी खरवडून काढावेत, नाहीतर खाच झिजते आणि स्क्रू जन्माचा अडतो. लाकडी चौकटीत भोक सैल झाले असेल, तर त्यात सरस लावून काडेपेटीच्या गूल काढलेल्या दोन काड्या ठोकाव्यात. वाळल्यावर स्क्रू पुन्हा घट्ट धरतो. समुद्रकाठच्या गावी साधा लोखंडी स्क्रू खाऱ्या हवेने गंजतो, तेथे स्टेनलेसचा घ्यावा. आणि मुख्य म्हणजे मूठ का तुटली ते पाहावे. पावसाळ्यात लाकूड फुगते, बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन झडप खाली बसते, सांध्यात धूळ साचते. मग आपण मुठीवर सगळा जोर देतो. कारण तसेच ठेवून नवी मूठ बसवली, तर पुढच्या वर्षी तीही तुटेल. बिजागरी आवळा, दोन थेंब तेल घाला. झाले! आकाशकंदिलाच्या खर्चात आणि एक इडली-सांबार संपायच्या वेळात होणारे हे काम आहे.

कोणी कळवळून म्हणतील, "अशाने कारागिराच्या पोटावर पाय येईल." कारागिराचा हा कळवळा त्याचे बिल देताना कोठे जातो? एका मुठीसाठी त्याला बोलावले तर त्याचा अर्धा दिवस मोडतो, आणि आपण "एवढ्याशा कामाचे एवढे पैसे?" म्हणून त्याच्याशी घासाघीस करतो. ज्याने स्वतः एकदा स्क्रू आवळला आहे, तो अशी घासाघीस करणार नाही. त्या 'एवढ्याशा' कामात काय असते, हे त्याच्या मनगटाला ठाऊक झालेले असते.

राहिली भाड्याच्या घराची सबब. मालक म्हणतो भाडेकरूने करावे, भाडेकरू म्हणतो मालकाने करावे, आणि मध्ये सुतळी लोंबते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने जागा दुरुस्त ठेवण्याचे कर्तव्य मालकावर टाकले आहे. त्याने हयगय केली, तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूला आवश्यक दुरुस्ती करता येते, आणि तो खर्च ठराविक मर्यादेत भाड्यातून वळता करता येतो. पण एका मुठीसाठी नोटिशीपर्यंत जाण्याआधी जिना चढून दोन शब्द बोलून पाहावेत.

आणि बाजारालाही दोन शब्द सुनवायला हवेत. २०२२ साली केंद्र सरकारने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने हे चार विभाग तिने पुढे घेतले. चांगले झाले. पण घराचे काय? जे घर आपण जन्माची पुंजी लावून घेतो, त्याचा ताबा देताना बिल्डर चावी देतो, पेढे देतो, फोटोही काढतो. पण खिडकीची मूठ कोणत्या बनावटीची आणि कोणत्या मापाची, हे एका कागदावर लिहून का देत नाही? गृहनिर्माण संस्थेच्या सभेत पार्किंगवर तीन तास भांडणाऱ्या सभासदांनी हा एक ठराव करावा: सर्व खिडक्यांच्या मुठींची, कड्यांची, बिजागऱ्यांची मापे कार्यालयात टांगावीत आणि दहा-बारा मुठी कपाटात शिल्लक ठेवाव्यात. यात विरोधी पक्ष निर्माण होण्याचे कारण दिसत नाही.

शेवटी भाऊबीजेविषयी. पाटावर बसलेल्या भावांनो, ओवाळणीत पैशांचे पाकीट घालाच, त्याबद्दल माझे म्हणणे नाही. पण त्याबरोबर एक चांगला स्क्रू-ड्रायव्हर, एक पक्कड आणि एक मोजपट्टी ताटात ठेवा. बहीण हसेल, हसू द्या. आणि फराळ झाल्यावर तिच्या मुलाला आणि मुलीला, दोघांनाही, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी न्या. सुतळी त्यांना सोडू द्या. मूठ त्यांनाच बसवू द्या. स्क्रू उलटा फिरला तर ओरडू नका, तो सुलटा फिरवता येतो.