बातमीच्या गेटवरचा जॉबर



गिरणीच्या गेटवर जॉबरचं राज्य होतं, ते दिवस आमच्या बापजाद्यांनी काढले आहेत. भोंगा झाला की बदलीवाले गेटवर गर्दी करायचे. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला घरी धाडायचं, हे जॉबरच्या बोटावर असे. कुणाचा हात मागावर चांगला चालतो हे तो बघत नसे. मान कोण तुकवतो, दस्तुरी कोण देतो आणि युनियनच्या सभेला कोण जात नाही, एवढंच बघे. आत गेलेला माणूस मग जॉबरविरुद्ध तोंड उघडत नसे. उघडणार कसा? दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गेटवर उभं राहायचं होतं.

जॉबरचं ते राज्य गेलं. पण त्याची विद्या मेली नाही. ती राजकारणात गेली आणि बातमीच्या गेटवर जाऊन उभी राहिली.

निवडणूक आली की मोठ्या पक्षाच्या कचेरीत एक माणूस बसतो. पुढाऱ्याच्या गाडीत कोणत्या बातमीदाराला जागा द्यायची, मुलाखत कुणाला द्यायची, पत्रकार परिषदेचं बोलावणं कुणाला धाडायचं, हे तो ठरवतो. मागल्या खेपेला ज्याने अडचणीचा प्रश्न विचारला, त्याला निरोपच जात नाही. ज्याने गोड लिहिलं, त्याला खास बातमी मिळते. कुठे प्रश्न आधी लिहून मागतात, कुठे छापील कागद हातात ठेवून पुढारी उठून जातात. मग ज्याला मुलाखत मिळाली नाही त्याला त्याचा संपादक विचारतो, "बाकी सगळ्यांकडे आली, तुझ्याकडे का नाही?" पुढच्या खेपेला तो बिचारा आपणहून लेखणी आवरतो.

यातली खरी मेख ध्यानात घ्या. या कारभारात खोटं छापावं लागतच नाही. पुढारी बोलला ते खरं, त्याने हार घातला ते खरं, गर्दी जमली तेही खरं. अक्षर न् अक्षर खरं असतं आणि तरीही वाचणारा फसतो. कारण जो प्रश्न विचारायला हवा होता, तो विचारणारा माणूस गेटबाहेर उभा असतो. न विचारलेला प्रश्न कुठल्याच पेपरात छापून येत नाही.

म्हणून आम्ही बातमीदाराला सरसकट शिव्या देणाऱ्यांपैकी नाही. त्यालाही घर आहे, भाडं आहे. त्याचेही कामाचे तास आणि पगार ठरावेत म्हणून १९५५ साली श्रमिक पत्रकारांचा कायदा करावा लागला. तरीही आज कितीतरी जण कंत्राटावर राबतात. तोसुद्धा एक बदलीवालाच. आमचं भांडण गेटबाहेर उभ्या असलेल्या माणसाशी नाही. गेट ज्याच्या हातात आहे, त्याच्याशी आहे.

आमच्या चळवळीला हे गेट कसं बंद असतं ते फार लवकर कळलं. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी रेडिओवरून देशाला सांगितलं की मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहील. ज्या शहराच्या गिरण्या मराठी माणसाच्या घामावर चालल्या, त्या शहराचा निकाल त्याला डब्यातून ऐकावा लागला. त्या डब्यातून उत्तर द्यायची सोय नव्हती. रेडिओ हे सरकारचं खातं. प्रचारासाठी रेडिओवर बोलायला विरोधी पक्षांना पहिल्यांदा वेळ मिळाला तो १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत. म्हणजे १९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्र समिती लढली, तेव्हा समितीच्या बाजूचा एक शब्दही प्रचार म्हणून त्या डब्यातून निघू शकत नव्हता. मुंबईतल्या मोठ्या इंग्रजी दैनिकांची मालकी उद्योगपतींच्या हातात होती. रस्त्यावर मराठी माणसं गोळ्यांनी पडत होती आणि त्यांची बाजू सांगायला मोठं म्हणावं असं एकही दार उघडं नव्हतं.

ही विद्या आपल्याकडचीच आहे असंही नाही. अमेरिकेत तिचं शास्त्र झालं. १९६० साली निक्सन आणि केनेडी टेलिव्हिजनवर समोरासमोर वादाला बसले आणि निक्सन ती निवडणूक हरले. १९६८ साली ते पुन्हा उभे राहिले, तेव्हा प्रतिस्पर्ध्यासमोर वादाला बसलेच नाहीत. त्यांच्या माणसांनी पैसे मोजून टेलिव्हिजनची वेळ घेतली. प्रश्न विचारायला "सामान्य नागरिक" आणून बसवले, पण ते नागरिक यांनीच निवडलेले. टाळ्या वाजवायला समोर आपल्याच पक्षाची माणसं. आणि बातमीदार? त्यांना त्या दालनात मज्जाव. त्यांनी दुसऱ्या खोलीत बसून पडद्यावर बघायचं. घरात बसलेल्या लाखो लोकांना मात्र वाटलं की हा माणूस कुठल्याही प्रश्नाला छातीठोक उत्तर देतो. निक्सन निवडून आले. जो मॅकगिनिस नावाच्या तरुण पत्रकाराने आत राहून हे सारं पाहिलं आणि १९६९ साली पुस्तक लिहून चव्हाट्यावर आणलं, म्हणून आज ते आपल्याला ठाऊक आहे.

आपल्या महाराष्ट्रात २००९ च्या विधानसभा निवडणुकीत गोष्ट आणखी एक पायरी खाली गेली. एकच मजकूर, तेच शब्द, आणि तो छापून आला एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वर्तमानपत्रांत! कुठे जाहिरात म्हणून लिहिलेलं नाही, सगळं बातमी म्हणून. पी. साईनाथ यांनी ते उघड केलं. प्रेस कौन्सिलने चौकशीला दोन माणसं नेमली. त्यांनी वर्तमानपत्रांची नावं घेऊन अहवाल लिहिला. पण २०१० साली कौन्सिलने तो सबंध अहवाल बाहेर येऊ दिला नाही, छाटून छोटा केला. पुढे २०११ साली माहिती आयोगाचा हुकूम झाला, तेव्हा कुठे पूर्ण अहवाल लोकांपुढे आला. बातमी विकली गेल्याची बातमीसुद्धा गेटवर अडवली गेली!

आपण कापडातली माणसं. खळ चढवलेलं कापड दुकानात जाड आणि झुळझुळीत दिसतं, पहिल्या धुण्यात त्याची चाळण होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तीच पारख बातमीला लावा.

आता प्रश्न असा, की गेट बंद असलं तर कामगाराने करायचं काय? आपल्या वाडवडिलांनी त्याचं उत्तर केव्हाच दिलं आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून 'दीनबंधु' चालवला आणि गिरणीतल्या माणसाचं दुःख त्यात छापलं. १८८४ साली त्यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. रविवारची सुट्टी त्या लढ्यातून आली. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी रेडिओ आपला नव्हता, तर अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांची डफ-तुणतुणी आपली होती. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी आचार्य अत्र्यांनी दैनिक 'मराठा' काढला. ज्याला वाचता येत होतं त्याने चाळीच्या व्हरांड्यात मोठ्याने वाचला आणि ज्याला येत नव्हतं त्याने ऐकला. १९५७ साली गिरणगावाने कॉम्रेड डांग्यांना लोकसभेत धाडलं. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. बंद गेटला धडका देत बसण्याबरोबरच आपण आपलं गेट बांधलं, म्हणून हे झालं.

पण बंधूंनो, आपलं गेट म्हटलं की आपल्या गेटवरही जॉबर उभा राहू शकतो, हे आज बोललं पाहिजे.

आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात की जो पेपर आपल्याविरुद्ध लिहितो, त्याच्या बातमीदाराला सभेच्या मंडपात पाऊल टाकू देऊ नका. आपल्या बाजूने लिहिणाऱ्यालाच पुढाऱ्यांना भेटू द्या. त्यांचा राग आम्हाला समजतो. मैदान फुलून जातं आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात चार ओळी येतात, तेव्हा कुणाचंही डोकं फिरेल. तरी आमचं मत स्वच्छ आहे: हे करायचं नाही.

एक तर, ज्याला आपण हाकलू तो सभेची बातमी द्यायची थांबणार नाही. ती तो आपल्या विरोधकांच्या तोंडून ऐकून लिहील. दुसरं, सीमाभागातल्या मराठी गावांची बाजू न्यायाची आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला ती गावं लोकांची इच्छा न विचारता म्हैसूर राज्यात घातली. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. ज्याची बाजू न्यायाची, त्याने उलटतपासणीला भ्यायचं कारण नाही. आणि तिसरं सर्वांत महत्त्वाचं. जो पुढारी आज बातमीदार निवडून घेतो, तो उद्या प्रश्न निवडून घेईल. मग गेट मीटिंगमध्ये एखादा साधा कामगार उठून म्हणेल, "फंडाचा हिशेब सांगा," तेव्हा त्याचाही हात धरून त्याला खाली बसवतील. ज्या चळवळीत प्रश्नाला जागा नाही, तिथे कामगार फक्त टाळ्यांपुरता उरतो.

म्हणून आमचं सांगणं असं.

बातमी वाचताना विचारा: इथे प्रश्न कुणी केला? दुसऱ्या बाजूला बोलू दिलं का? हेच शब्द दुसऱ्या पेपरातही आहेत का?

आपल्या प्रत्येक सभेत बातमीदारांसाठी पुढे जागा ठेवा. ती सर्वांसाठी, मित्रासाठी आणि टीकाकारासाठीही. कुणी ढकलाढकली करील तर आधी आपल्या माणसाने त्याला आवरावं. भाषणं संपल्यावर पुढाऱ्यांनी अर्धा तास प्रश्नांना द्यावा. त्यात बातमीदारांनी विचारावं आणि कामगारांनीही विचारावं.

आणि आपलं पत्रक जगवा. विकत घ्या, वाचून दाखवा, पाळी सुटल्यावर पुढच्याच्या हातात द्या. आमचं चुकतं असं वाटलं तर तसं लिहून धाडा. ते आम्ही छापू.

बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!
कामगार एकजुटीचा विजय असो!