वसंत पंचमीचा दुधी

वीस वर्षे मी वर्गात वसंत ऋतू शिकवतो आहे. कोकिळा, आम्रमंजिरी, पळस, मंद वारा, सारे काही आले. त्यात दुधी मात्र कुठेच नव्हता. माझा हात खडूला आणि उत्तरपत्रिकांना सरावलेला. मातीशी त्याचा संबंध श्रावण-भाद्रपदात दुर्वा खुडण्यापुरता.

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. पण चैत्रात घरचा दुधी खायचा असेल, तर बी माघातच, वसंत पंचमीच्या आगेमागे मातीत पडावे लागते. दुधी, दोडका, भेंडी, गवार ही सारी उबेची मंडळी. पौषाच्या कडाक्यात पेरली तर रुसून बसतात आणि उशीर झाला तर कोवळी रोपे उन्हात करपतात. हे ज्ञान मला पुस्तकातून मिळाले, आणि पुस्तकातून मिळालेल्या बहुतेक ज्ञानाप्रमाणे ते उशिरा मिळाले.

त्याआधी सज्जात मी एक हंगाम वाया घालवून बसलो होतो. धणे अख्खेच पेरले. ते हलके रगडून दोन डाळी करायच्या असतात हे ठाऊक नव्हते. भेंडीचे बी रात्रभर भिजवले खरे, पण लावले ते तळाला भोक नसलेल्या तुपाच्या डब्यात. मुळे कुजली. "अहो, तुम्ही भेंडी लावली होती की लोणचं घातलं होतं?" एवढेच आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या.

मग सोसायटीच्या सभेत मी गच्चीवर सामायिक बाग करण्याचा ठराव मांडला. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच कचऱ्याचे खत करून कशी बाग फुलवली होती, याचा दाखला दिला. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांचे नाव घेतले. थोड्या जागेत, ऊन-पाण्याचा नीट हिशेब ठेवून घरापुरते कसे पिकवता येते हे त्यांनी कोल्हापूरकडे बसून लोकांना करायला शिकवले. (गणिताच्या माणसाला जमले ते मराठीच्या माणसाला का जमू नये, हे मनातल्या मनात.) सर्वांत वरच्या मजल्यावरचे गृहस्थ शांतपणे उठले आणि म्हणाले, "सर, ओल्या मातीचं एक घनफूट सुमारे ५० किलो भरतं. तुम्ही किती घनफूट चढवणार?" ते निवृत्त अभियंता आहेत. ठराव बारगळला.

जागा मिळाली ती इमारतीच्या मागे, कुंपणाच्या भिंतीलगत. पाण्याचा पंप, मोडकी सायकल आणि जुन्या फरशांचे तुकडे यांच्या सोबतीला. तुकडे उचलले, वाळका पाला, शेणखत आणि माती मिसळून आठ घरांचे आठ वाफे पाडले, प्रत्येकावर घराच्या क्रमांकाची पाटी लावली. वेलाला हद्द कळत नाही, म्हणून भिंतीवरच्या मांडवाचा दुधी तेवढा सगळ्यांचा ठरला.

रखवालदाराची बायको पंपाशेजारच्या खोलीत राहते. सगळी इमारत तिला मावशी म्हणते. वयाने ती आम्हा बहुतेकांहून लहान आहे. मराठवाड्यातली, घरची जमीन कोरडवाहू. दुधीची पहिली फुले गळू लागली तेव्हा आम्ही आठ घरे हवालदिल झालो. औषध फवारावे का, यावर चर्चा झाली. ती झाडता झाडता म्हणाली, "ती नर फुलं हायती. आधी तीच येत्यात. ज्या फुलामागं इवलासा दुधी असंल, ते बगा." संध्याकाळी पांढरी फुले उमलली की नर फूल तोडून मादी फुलावर कसे टेकवायचे, हेही तिनेच दाखवले. मुले रोज सहा वाजता हे लग्न लावायला खाली जमू लागली.

एप्रिलच्या मध्यावर पहिला दुधी हातभर झाला. तो कोणी, केव्हा, कसा वाटून घ्यायचा यावर बैठक ठरली. बैठकीच्या दिवशी सकाळी दुधी वेलावर नव्हता.

काय सांगू त्या बैठकीचे! दुधी बाजारात पंधरा-वीस रुपयांना मिळतो. पण हा प्रश्न पैशांचा नव्हता, तत्त्वाचा होता, आणि तत्त्वाचा प्रश्न निघाला की आमच्या मध्यमवर्गाचे चेहरे उजळतात. एकाने कॅमेरा बसवा म्हटले. शेवटी सूचना लिहून लावायची ठरली आणि ते काम साहजिकच माझ्याकडे आले. मी कसून लिहिली. ‘सामायिक मालमत्तेचा अपहार’ असा शब्दप्रयोग मला साधला, याचा मला, खोटे कशाला बोलू, आनंद झाला.

मी कागद टाचत होतो तेव्हा ती हातात बादली घेऊन मागे येऊन उभी राहिली.

"सर, काय लिवलंय?"

मी काही बोलायच्या आत तीच पुढे म्हणाली, "तो दुधी मी काडला बरं का. नख रुतंना त्याला. जून फळ वेलावर ऱ्हायलं की वेल पुढं धरत न्हाई. तुमच्याकडं घिऊन आले व्हते, तुमी कालिजात. मग पोरीला केली भाजी. जरा दाठर निघाला."

टाचणी माझ्या हातातच राहिली.

"वाचा की," ती म्हणाली.

मी कागदाकडे पाहत वाचले, "दुधी कोवळा असतानाच तोडावा."

"आता लिवलं बगा बरूबर," असे म्हणून ती पाणी घालायला गेली. मे महिन्यात आम्ही आठही घरे गावाला गेलो, तेव्हाही तिनेच पाणी घातले. परतलो तेव्हा मांडवावर पाच दुधी लोंबत होते. एकही तुटलेला नव्हता.

तो कागद मी त्याच दिवशी काढून खिशात घातला होता. पुढच्या सभेत सारे सांगून टाकले. कुणी हसले, कुणी खाली पाहिले. अभियंत्यांनी हातात फूटपट्टी घेऊन पंपाजवळ नववा वाफा आखून दिला. आता अडचण एवढीच आहे की पाट्यांवर घरांचे क्रमांक आहेत आणि तिच्या खोलीला क्रमांक नाही. नवव्या पाटीवर काय लिहावे, यावर सभेत अजून एकमत झालेले नाही. तिने तिथे मेथी पेरून टाकली आहे.