झोपेत नाक जागे नसते

६ ऑक्टोबर २०२३. गोरेगावच्या जय भवानी इमारतीत पहाटे तीनच्या सुमारास तळाशी आग लागली, धूर वरच्या मजल्यांवर चढला आणि किमान ७ जण दगावले. बरोबर वर्षाने, ६ ऑक्टोबर २०२४ रोजी, चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत खालच्या दुकानातली आग वरच्या घरात शिरली. एकाच कुटुंबातले ७ जण गेले. दोन्हीकडे वेळ पहाटेची, साखरझोपेची. झोपलेल्या माणसाला धुराचा वास उठवेल याचा भरवसा नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड तर त्याला आणखी गुंगीत ढकलतो. आवाज मात्र उठवतो. म्हणून धुराची चाहूल लागताच किंचाळणारे यंत्र झोपायच्या खोलीतच हवे.

आणि कसलेही यंत्र चालणार नाही. नुसत्या सेलवरचे कुरकुरू लागले की घरातले कोणीतरी सेल काढते आणि नवा घालायचा राहून जातो. नुसते विजेवरचे त्याहून फसवे: शॉर्टसर्किट झाले, एमसीबी पडला की नेमके त्याच क्षणी ते मुके. ‘आमच्याकडे इन्व्हर्टर आहे’ हेही उत्तर नव्हे. वायरच जळत असेल तर इन्व्हर्टरची वीज यंत्रापर्यंत पोहोचणार कशी? यंत्र घराच्या वायरिंगला जोडलेले हवे आणि त्याच्या पोटात स्वतःची बॅटरीही हवी. सगळ्या खोल्यांतली यंत्रे एकमेकांना जोडा, म्हणजे हॉलमध्ये धूर झाला तरी बंद दाराआडच्या आजीच्या उशाशी भोंगा वाजेल. स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारे लावा. धुराचे लावाल तर मिरचीच्या फोडणीला रोज ओरडेल आणि आठवड्यात कोणीतरी उपटून टाकेल.

पीओपीच्या छतावर लाखो रुपये घालणाऱ्यांनी भिंती उघड्या असतानाच वायरमनला हे काम सांगावे.

२००६च्या राज्य कायद्याने इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारी-जुलैत द्यावा लागतो. जिन्यातल्या नळापर्यंत पोहोचणारा हा कायदा झोपायच्या खोलीतही शिरला पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २०११ साली एका घराच्या आगीत ११ जण गेले. पुढे तिथल्या सरकारने प्रत्येक झोपायच्या खोलीत एकमेकांना जोडलेली यंत्रे सक्तीची केली. आपल्या महापालिकांनी ती बसल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. जय भवानी ही झोपडपट्टी पुनर्वसनातली इमारत होती. अशा घरांत हा खर्च विकासकाने करावा; रहिवाशांकडे त्यासाठी एक रुपयाही मागू नये.