टक् वाजलं म्हणजे ताणलं असं नाही!

गेल्या महिन्यात वाटूरला गेलो होतो. जालना-मंठा रस्त्यावरच्या फाट्यावर चुलतभावाची, म्हणजे आमच्या दादाची, पिकअप एका गॅरेजसमोर बोनेट उघडून उभी. टर्बो डिझेल. मोसंबीचा माल घेऊन घाट चढताना "दम कमी पडतो" म्हणून त्याने मॅप मारून घेतला होता, म्हणजे कॉम्प्युटर लावून बूस्ट आणि डिझेल दोन्ही वाढवलं. चार महिने गाडी पळाली बाबा! मग रेडिएटरमध्ये बुडबुडे आणि ऑइलच्या जागी दुधाळ चहा. हेड गॅस्केट गेली.

एका मिस्त्रीने गॅस्केट बदलली, जुनेच बोल्ट परत कसले. तीन आठवड्यांत पुन्हा गेली. मग दादाने बाहेरून जाड स्टडचा सेट मागवला आणि मला फोन केला, "तू इंजिनियर आहेस ना, ये." आता आपण कोड लिहिणारे इंजिनियर, पण गावाला हे कोण समजावणार!

दोन्ही बाजूंवर माझा राग आहे. आधी पहिली बाजू. "हाताला कळतं मला, पंचवीस वर्षं झाली." हे वाक्य मी वाटूरलाही ऐकलं आणि पुण्यातल्या एसी लावलेल्या वर्कशॉपमध्येही. मिस्त्रींच्या अनुभवाला माझा दंडवत आहे, इंजिनाच्या आवाजावरून ते जे ओळखतात ते मला जन्मात जमणार नाही. पण हाताला कळतो तो पाना फिरवायला लागणारा जोर. आत स्टड किती ताणला गेला ते हाताला कळत नाही, कळूच शकत नाही. पान्याला पाइप लावला तर मग जोरही कळत नाही.

जालना सळईचं गाव, त्यामुळे ही गोष्ट आपल्या लोकांना खरं तर पटकन कळायला हवी. सळईवर 500 लिहिलेलं असतं, म्हणजे चौरस मिलिमीटरला 500 न्यूटनपर्यंत ताणली तर ती परत मूळ लांबीवर येते, पुढे गेली की कायमची लांब होते. हेडचा बोल्टही तसाच, फक्त जास्त ताकदीचा. तो एक कडक स्प्रिंग आहे आणि त्या ताणावरच हेड ब्लॉकवर दाबलेलं राहतं. आजच्या बऱ्याच इंजिनांत कंपनी मुद्दाम बोल्ट त्या हद्दीपर्यंत नेते: आधी थोडा टॉर्क, मग ठराविक अंश फिरवायचं. असे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. पहिल्या मिस्त्रीने तेच परत घातले. तिथेच खेळ संपला होता.

आणि दाब किती? 85 मिमीचा सिलिंडर धरा, आत 150 बार. हेडला वर ढकलणारं बल साडेआठ टनांच्या वर जातं. मॅप मारून तेच 180 बार झालं की दहा टनांच्या वर. 2400 आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला 20 वेळा! मॅप विकणारे "इतके बीएचपी वाढले" हे छाती फुगवून सांगतात, हेड कोण धरून ठेवणार ते विचारलं की गप्प.

आता दुसरी बाजू, म्हणजे मी :)

मी माझा टॉर्क पाना घेऊन गेलो होतो. चकचकीत, डबीतला. स्टडच्या कागदावर आकडा होता, तो सेट केला. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जात, तीन टप्प्यांत. प्रत्येक नटावर टक्, टक्, टक्. मिस्त्री बघत होते, मी रुबाबात. अकराशे किलोमीटरवर तिसऱ्यांदा बुडबुडे.

कागद परत वाचला. आकड्याच्या खालच्या ओळीत लिहिलं होतं की हा आकडा सोबतच्या पुडीतली पेस्ट लावली तरच. ती पुडी "ग्रीस असेल" म्हणून कचऱ्यात गेली होती, आणि मी उभा असताना गेली होती. नट कोरडे कसले.

फरक किती पडतो? समजायला गोल आकडा घेऊ. 12 मिमीचा स्टड, 100 न्यूटन मीटर टॉर्क. कोरड्या आट्यांवर ताण येतो सव्वाचार टन. ऑइल लावलं तर साडेपाच टनांच्या वर. चांगली पेस्ट लावली तर सात टनांच्या आसपास. पान्यावर आकडा तोच, टक् तोच! कारण लावलेल्या टॉर्कपैकी साधारण नव्वद टक्के नुसतं घर्षणात जातं, नटाच्या खाली आणि आट्यांमध्ये. उरलेल्या दहा टक्क्यांवर गॅस्केट टिकते. घर्षण थोडं बदललं की तो दहाचा वाटा पार बदलतो. आमच्या धंद्यात सगळ्या टेस्ट हिरव्या आल्या की लोक घरी जातात, आणि टेस्ट भलतंच काहीतरी तपासत होती हे सोमवारी कळतं. तसंच हे.

आणखी एक. मिस्त्रींनी स्टड ब्लॉकमध्ये दोन नट अडकवून जोरात आवळले होते. स्टड बोटांनी बसेल इतकाच घालायचा असतो, ताण वरून नट कसून द्यायचा. भोकात ऑइल किंवा पाणी साचलेलं असेल तर तो द्रव दाबला जाऊन ब्लॉकलाच तडा जाऊ शकतो. माझ्या डोळ्यांसमोर ऑइल ओतलं जात होतं आणि मी पान्याची काच पुसत होतो.

चौथ्यांदा हेड फेसिंगला जालन्याला पाठवलं, नवी गॅस्केट आणली, भोकं हवेने साफ केली, पेस्ट वेगळी मागवली. नट मिस्त्रींनी कसले, कागद मी वाचला. पुडी बघून ते म्हणाले, "एवढ्याशा मलमासाठी दोन हेड गेले व्हय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दादाचे दोन हप्ते थकलेत आणि आंबे बहाराची निम्मी भाडी दुसऱ्याने मारली. मॅप परत कंपनीचा टाक म्हणून मी मागे लागलोय. तो म्हणतो, एवढा हंगाम होऊ दे.