आधी समीकरण वाचा, मग रेषा काढा

वडोदऱ्याच्या जुन्या शहराची मांडणी गणिताच्या शिक्षकाला हवी तशीच आहे. पश्चिमेला लहेरीपुरा दरवाजा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर दरवाजा आणि दक्षिणेला गेंडीगेट. समोरासमोरच्या दरवाजांना जोडणारे दोन रस्ते मांडवीपाशी एकमेकांना छेदतात. मांडवीला आरंभबिंदू मानले आणि या रस्त्यांना अक्ष मानले, की तटाच्या आतली कोणतीही जागा दोन संख्यांत सांगता येते. मांडवीच्या परिसरातली घडियाळी पोळ ही जुनी वस्ती घ्या. पोळीच्या गल्ल्या वळणावळणाच्या असतात, पण क्षणभर त्या या रस्त्यांना समांतर धरू. एका दिशेने क्ष पावले चालायचे, मग वळून दुसऱ्या दिशेने य पावले, आणि एकूण चाल ३०० पावलांची. अशी घरे किती? २०० आणि १०० पावलांवरचे एक, १५० आणि १५० वरचे दुसरे, ५० आणि २५० वरचे तिसरे; ती सगळी क्ष + य = ३०० या एकाच सरळ रेषेवर येतात. आता संध्याकाळच्या बाजाराच्या गर्दीत दुसऱ्या दिशेच्या प्रत्येक पावलाला दुप्पट वेळ लागतो असे समजा. तेवढ्याच वेळात गाठता येणारी घरे क्ष + २य = ३०० या रेषेवर जातात. पहिल्या अक्षावरचे टोक ३०० वरच राहते, दुसऱ्या अक्षावरचे ३०० वरून १५० वर उतरते. सहगुणक बदलला की रेषेचे काय होते, हे इथे सूत्राशिवाय दिसते.

दहावीच्या वर्गात मात्र हे दिसायला वेळच मिळत नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणित भाग १ मधले पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आहे. गुजरातेतली मुले एनसीईआरटीच्या धर्तीच्या पुस्तकातून हाच विषय शिकतात. पुस्तकांत आणि फळ्यावर समीकरण येते ते अ·क्ष + ब·य = क अशा, किंवा सगळी पदे डावीकडे घेतलेल्या सामान्य रूपात. आणि येताक्षणी ते मोडले जाते. य एकट्याला एका बाजूला आणायचे, क्ष ला ०, १, २ अशा किमती द्यायच्या, तीन ओळींचा तक्ता भरायचा, आलेख कागदावर तीन ठिपके द्यायचे, पट्टी ठेवायची, रेषा ओढायची. दुसऱ्या समीकरणाची तशीच दुसरी रेषा. छेदनबिंदूचे निर्देशक लिहिले की उदाहरण संपले. मूळ समीकरण काय सांगत होते, हा प्रश्न या सगळ्यात एकदाही उभा राहत नाही. सामान्य रूप म्हणजे उत्तराआधीची अडगळ नाही. दोन गोष्टी मिळून एक ठरलेली बेरीज भरून काढतात, असे सांगणारे ते पूर्ण विधान आहे. ते विधान म्हणून वाचता येणे हेच या प्रकरणाचे मुख्य फळ असायला हवे, आणि आलेख त्या वाचनातून निघायला हवा.

याचा सर्वांत चांगला पुरावा गणिताच्या पुस्तकाबाहेर, दूध संकलन केंद्रावर सापडतो. महाराष्ट्रातल्या गायीच्या दुधाच्या उत्पादकाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे आकडे पाठ असतात, कारण त्याचा दर त्यांवरून ठरतो. एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेले प्रथिने, दुग्धशर्करा, क्षार असे घन घटक. फॅटच्या किलोला एक भाव आणि एसएनएफच्या किलोला दुसरा भाव धरून दुधाची किंमत काढण्याच्या पद्धतीला दुग्धव्यवसायात द्विअक्षी दरपद्धत म्हणतात. हिशेब सोपा राहावा म्हणून फॅटचा भाव किलोला ६०० रुपये आणि एसएनएफचा ४०० रुपये धरू. एक किलो दुधात क्ष टक्के फॅट आणि य टक्के एसएनएफ असेल, तर त्याची किंमत ६क्ष + ४य रुपये होते. ६ फॅट आणि ९ एसएनएफच्या म्हशीच्या दुधाचे ७२ रुपये, ३.५ आणि ८.५ च्या गायीच्या दुधाचे ५५ रुपये.

आता ६क्ष + ४य = ५५ ही रेषा पाहा. तिच्यावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे ५५ रुपये किमतीचे दूध. फॅट दोन पॉइंट, म्हणजे ०.२ ने घसरली तर १ रुपया २० पैसे गेले. ते भरून यायला एसएनएफ तीन पॉइंट वाढायला हवे. दोनाला तीन ही अदलाबदल म्हणजेच त्या रेषेचा चढ, आणि ती सहा आणि चार या सहगुणकांत आधीपासून लिहिलेली आहे. इथे य एकटा डावीकडे आणून काय साधते? फॅटवरून एसएनएफ ठरते, असा एक खोटा भास मात्र तयार होतो. दुधात या दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचे कारण नाही. दोघे आपापल्या भावाने एकाच किमतीत भर घालतात. सामान्य रूप दोघांना एका ओळीत, समान मानाने बसवते, आणि वस्तुस्थिती तशीच आहे.

याच उदाहरणात सामान्य रूपाची आणखी एक ताकद दिसते, जिच्याकडे वर्गात फारच कमी लक्ष जाते. समजा एखाद्या दूध संघाने केवळ फॅटवर दर द्यायचे ठरवले आणि म्हशीच्या त्याच दुधाचे ७२ रुपये कायम ठेवले. मग समीकरण होते १२क्ष + ०य = ७२. रेषा उभी राहते. एसएनएफ कितीही असो, किमतीत फरक पडत नाही. गायीच्या ३.५ फॅटच्या दुधाला या हिशेबात ५५ ऐवजी ४२ रुपयेच मिळतात. किलोमागे १३ रुपये गेले, आणि ते का गेले याचे उत्तर समीकरणातल्या त्या शून्यात आहे. ही उभी रेषा ‘य बरोबर काहीतरी’ अशा रूपात लिहिताच येत नाही, कारण तिथे शून्याने भागावे लागेल. सामान्य रूपात मात्र ती इतर रेषांच्या शेजारी सहज मावते. वर्गात क्ष = ६ हा एक विचित्र अपवाद म्हणून शिकवला जातो. गाय पाळणाऱ्या कुटुंबाच्या पावतीवर त्याचा अर्थ असा होतो, की त्यांच्या दुधातला एक घटक मोजलाच गेला नाही.

भेसळीकडेही याच कागदावर पाहता येते. म्हशीच्या तीन किलो दुधात एक किलो पाणी मिसळले, तर फॅट ६ वरून ४.५ वर आणि एसएनएफ ९ वरून ६.७५ वर येते. आलेखावर तो बिंदू आरंभबिंदूकडे सरळ घसरतो. फक्त फॅट पाहणाऱ्याला ४.५ हा आकडा गायीच्या दुधापेक्षा चांगला वाटेल. दुसऱ्या अक्षावर नजर गेली की ६.७५ हे निरोगी जनावराचे दूध असूच शकत नाही, हे लगेच कळते. गायीच्या दुधातही अन्नसुरक्षेचे नियम किमान ८.३ एसएनएफ मागतात. एका संख्येत लपलेले पाणी दोन संख्यांत उघडे पडते. निर्देशकांची जोडी कशासाठी, असे विचारणाऱ्या मुलाला याहून ठोस उत्तर काय द्यायचे?

यावर शिक्षकांचा पहिला आक्षेप वेळेचा असतो, आणि तो हलका नाही. बीजगणिताची ४० गुणांची प्रश्नपत्रिका, भरगच्च वर्ग, वर्षाच्या सुरुवातीचे प्रकरण. अशा वेळी तक्ता, ठिपके, रेषा ही ठरलेली वाट कच्च्या मुलालाही गुण मिळवून देते. ती वाट बंद करा असे कोणी म्हणत नाही. पण सामान्य रूप वाचून रेषा काढणे तक्त्यापेक्षा जास्त वेळ खात नाही, उलट वाचवते. ३क्ष + ५य = ३० मध्ये य शून्य धरला की क्ष दहा, क्ष शून्य धरला की य सहा. दोन अक्षांवर दोन ठिपके, अपूर्णांकाशी झटापट नाही, रेषा तयार. पडताळ्यासाठी तिसरा बिंदू घ्यावा. तक्त्याच्या रीतीत हेच मूल य = (३० − ३क्ष) ÷ ५ असे लिहून क्ष ला १ किंमत देते आणि ५.४ हा बिंदू कागदावर कुठे बसवायचा म्हणून अडते. रेषा आरंभबिंदूतून जात असेल तर ही दोन टोके एकच होतात आणि वेगळा बिंदू शोधावा लागतो. तेवढे सांगायला एक उदाहरण पुरते.

दुसरा आक्षेप जास्त विचारपूर्वक केला जातो. पुढच्या इयत्तांत, भौतिकशास्त्रात, संगणकात सगळीकडे य = म·क्ष + क हेच रूप चालते, मग मुलांना त्याचीच सवय का लावू नये? जिथे एक राशी खरोखर दुसरीवर अवलंबून असते, तिथे ते रूप योग्यच आहे. रिक्षाचे भाडे अंतरावर ठरते, स्प्रिंगची लांबी टांगलेल्या वजनावर ठरते. पण अंदाजपत्रक, मिश्रण, मजुरीची वाटणी, पिकाखालच्या जमिनीची वाटणी या ठिकाणी दोन गोष्टी एका मर्यादेत बसवायच्या असतात. जॉर्ज डँट्झिगने १९४७ मध्ये रेषीय नियोजनाची सिम्प्लेक्स पद्धत मांडली, ती अशाच मर्यादांवर उभी आहे. आज कारखाने आणि मालवाहतूक यांचे नियोजन तिच्या आधारे होते. भास्कराचार्यांनीही ११५० च्या सुमारास बीजगणितात कुट्टकाला स्वतंत्र स्थान दिले. कुट्टक म्हणजे समीकरण एक, अज्ञात राशी दोन, आणि पूर्णांकांतली अनेक उत्तरे. एका समीकरणाला अनेक उत्तरे असणे हा अभ्यासाचा विषय होता. आपण मात्र दुसरे समीकरण जोडून एका उत्तराकडे इतक्या घाईने धावतो, की एका रेषेवरच्या असंख्य उत्तरांकडे मुलाने थांबून पाहिलेलेच नसते. कोणते रूप कुठे शोभते, ही पारख दोन्ही रूपे नीट वाचल्याशिवाय येत नाही.

आलेख तर आता मोबाइलवर क्षणात निघतो, मग हाताने का काढायचा, असेही विचारले जाते. जिओजेब्रासारखी साधने वर्गात यावीत, जरूर यावीत. सहगुणक सरकवला की रेषा फिरताना दिसते, हे कागदावर शक्य नाही. पण साधन रेषा काढून देते. रेषेचा कोणता भाग अर्थाचा आहे, ते ठरवत नाही. फॅट उणे असू शकत नाही, म्हणून तो आलेख पहिल्या चरणाबाहेर जात नाही. वह्या आणि पेनांच्या खरेदीत अर्धे पेन मिळत नाही, म्हणून त्या रेषेवरचे मोजकेच बिंदू कामाचे. हा निर्णय माणसाचा आहे आणि तो शिकवावा लागतो.

सर्वांत गंभीर आक्षेप असा, की जग सरळ रेषेत चालत नाही. दूध दराचेच घ्या. महाराष्ट्रात ३.५ आणि ८.५ च्या खाली दर्जा गेला की पॉइंटमागे कपात होते. उत्पादक तिला ‘रिव्हर्स पॉइंट’ म्हणतात आणि त्या कपातीविरुद्ध त्यांनी आंदोलनेही केली आहेत. वर चढताना मिळणारी वाढ आणि खाली उतरताना होणारी कपात सारखी नसेल, तर तिथे समीकरण मोडते, रेषेला कोपरा येतो. पण तो कोपरा दिसायला आधी सरळ रेषा काय असते हे माहीत हवे. ३.५ च्या खाली सहगुणक का बदलला, असा नेमका प्रश्न विचारणारा दूध उत्पादक आणि दर अन्यायाचा आहे एवढेच म्हणू शकणारा उत्पादक, यांच्या ताकदीत मोठे अंतर आहे. पहिल्याच्या प्रश्नाला संघाला आकड्यांनी उत्तर द्यावे लागते.

वडोदऱ्यात या विषयाचा विचार करताना कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था आठवल्याशिवाय राहत नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८९० मध्ये ती सुरू झाली, आणि तंत्रविद्या लोकांच्या भाषेतून शिकवावी असा तिचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता. त्या आग्रहाचा गणिताशी थेट संबंध आहे. घडियाळी पोळीसारख्या वस्तीत घरात मराठी, दाराबाहेर गुजराती आणि अनेकांच्या शाळेत इंग्रजी असते. ६क्ष + ४य = ५५ हे चिन्हांत सोडवायला कोणतीच भाषा लागत नाही, म्हणूनच ते न समजता सोडवता येते. ते वाक्य म्हणून बोलायला सांगितले, तर मूल घरच्या भाषेकडे वळते, आणि समजले की नाही हे पहिल्या वाक्यातच कळते. शाळेचे माध्यम कोणतेही असो, एवढी मोकळीक शिक्षकाला देता येते.

यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची गरज नाही. प्रश्नपत्रिकेत थोडा बदल पुरेल, कारण वर्गात काय शिकवले जाते ते प्रश्नपत्रिकाच ठरवते. आलेखाच्या प्रश्नातले निम्मे गुण रेषेला ठेवावेत आणि निम्मे तिच्या वाचनाला: अक्षांवरच्या दोन टोकांचा या उदाहरणात अर्थ काय, एक राशी एकाने वाढवली तर दुसरी कितीने घटेल, उजवीकडची संख्या दुप्पट केली तर नवी रेषा जुन्या रेषेला छेदेल की समांतर राहील, आणि रेषेवरचा असा एक बिंदू सांगा जो गणितात बरोबर आहे पण व्यवहारात अशक्य आहे. शिक्षकाने या चार प्रश्नांची उत्तरे मुलाच्याच भाषेतल्या पूर्ण वाक्यांत मागावीत, आणि त्या वाक्यांना गुण द्यावेत.