पालक म्हणजे फक्त बाप?

आदिवासी मुली बारावीनंतर का गळतात, या विषयावरच्या संस्थांच्या अहवालांत दोन शब्द ठरलेले असतात : 'पालकांची उदासीनता'. मैत्रिणींनो, या दोन शब्दांचा मला संताप येतो. भामरागड, एटापल्ली, धानोरा तालुक्यांत मी ज्या माडिया-गोंड आया पाहते, त्या उदासीन नाहीत. त्यांना कुणी विचारलेलेच नाही.

सहा वर्षांची पोर आश्रमशाळेत जाते. आईची बोली तिथे परकी. आई भेटायला आली तर फाटकाशी उभी राहून परतते. दहा-बारा वर्षे मुलगी काय शिकते, कशात हुशार आहे, हे आईला कुणी सांगत नाही. पालकसभेचा निरोप बापाला, अर्जावर सही बापाची. आणि बारावी झाली की त्याच आईने मुलीला भामरागडहून पावणेदोनशे किलोमीटरवरच्या गडचिरोलीला निर्धास्त पाठवावे अशी अपेक्षा! राहणार कुठे, रात्री ताप आला तर बघणार कोण, असे तिने विचारले की ती 'आडकाठी' करते. शहरातल्या बाईने हेच विचारले तर ती जागरूक पालक.

जात पडताळणीचे पाहा. व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशाला वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी १९५० पूर्वीचे पुरावे शोधायचे, तेही बापाच्या बाजूचे, आजा-पणजाचे. आईच्या माहेरचा कागद चालत नाही. मात्र माधुरी पाटील प्रकरणातल्या १९९४ च्या निकालापासून दक्षता पथक देव कोणते, लग्नाचे विधी कोणते, मयताची रीत काय, हेही विचारते. (ही कसोटी एकटी निर्णायक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले.) म्हणजे जमातीचे रीतिरिवाज जिने सांभाळले, तिचे रक्त पुराव्यात धरायचे नाही! १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव बापाच्या आधी येते. ठीक आहे. वंशावळीत ती अजून नाहीच.

अमेरिकेत अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाने १९८४ मध्ये हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषक वारशाच्या, मुलींना कॉलेजसाठी तयार करायला घेतले, तेव्हा शाळकरी मुलीबरोबर तिच्या आईलाही विद्यापीठात बोलावले. त्या घरांतूनही आधी कुणी कॉलेजात गेलेले नव्हते. आईला सुधारायची आणि मग मुलीला शिकवायची, असला क्रम त्यांनी लावला नाही.

आमच्याकडे एका महाविद्यालयात हे सुचवले तर उत्तर मिळाले, "त्या बायांना काय कळणार?" मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकला. तिथल्या ग्रामसभेत बायांवाचून निर्णय होत नाही. जंगलाचा कारभार कळतो, मग वसतिगृहाचा अर्ज कळणार नाही?

हां, बोलवायचे कधी याचे भान हवे. मोहफूल, मग तेंदूपाने, मग रोवणी : नेमक्या परीक्षा-प्रवेशाच्या महिन्यांत आईला उसंत नसते. म्हणून धान घरात आल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, अकरावीच्याच वर्षी दोघींना बोलवा. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, ते तिला आतून दिसू द्या. आईने मुलींच्या वसतिगृहात एक रात्र राहावे, खाणावळीत जेवावे, गृहपालबाईला हवे ते प्रश्न विचारावेत. दोघींचे एसटीभाडे, आईची दोन दिवसांची बुडालेली मजुरी आणि माडिया बोलणारी दुभाषी बाई, एवढी तरतूद आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी करावी, ही मागणी आपल्या संघटनांनी दिवाळीपूर्वी लेखी द्यायची आहे.