मोज्याचं माप

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. २३ तारीख, रात्रीचे दहा वाजून गेलेले. मी पुण्यात, रिलीजच्या गडबडीत, एका कानात कॉल चालू. तेवढ्यात कोल्हापूरहून ताईचा फोन. म्हटलं, उद्या बोलू का? तर म्हणाली, "उद्या नको. मला काय विचारायचं नाहीय, हाच झोपेना झालाय. तूच सांग त्याला." आणि फोन दिला भाच्याच्या हातात.

भाचा म्हणजे वय वर्षे सहा, इयत्ता पहिली, शहरातल्या बऱ्यापैकी नाव असलेल्या एका इंग्रजी शाळेत. हॅलो नाही की काही नाही, थेट मुद्द्यावर. "मामा, सांताला सगळं कळतं ना? कोण शहाणं, कोण वांड?" म्हटलं, हो, कळतं की. "मग माझ्या बाकावरच्यानं काय केलतं? त्याला नुसता पेन्सिल बॉक्स दिला."

मी आपलं काहीतरी ठोकून दिलं. म्हटलं, अरे, सांताची पोतडी संपली असेल तोवर. पलीकडं दोन सेकंद शांतता. मग, "संपली कशी? त्याचा नंबर माझ्या आधी होता."

आता बोला! चार वर्षं इंजिनिअरिंग, वर पाच-सहा वर्षं नोकरी, आणि पहिलीतल्या पोरानं एका वाक्यात लॉजिक फाडून हातात दिलं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरं तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. कारण त्याला मिळालेली ती रिमोटवाली गाडी मीच पाठवली होती. १४०० रुपये. ऑनलाइन, पुण्यात बसल्या बसल्या, दोन मीटिंगांच्या मधल्या पाच मिनिटांत.

शाळेचा कार्यक्रम काय होता ते सांगतो, म्हणजे घोळ कळेल. डिसेंबरच्या सुरुवातीला सर्क्युलर आलं. प्रत्येक पालकानं एक लाल मोजा (तो फेल्टचा, बुटाच्या आकाराचा, हल्ली महाद्वार रोडलासुद्धा मिळतो) आणि एक भेटवस्तू, रॅप करून, वर मुलाचं नाव आणि रोल नंबर घालून, गुपचूप ऑफिसात जमा करावी. पाल्याला कळू देऊ नये. रक्कम किती, वस्तू कुठली, याबद्दल एक अक्षर नाही. मग नाताळच्या सुट्टीआधी हॉलमध्ये दोरीवर सगळे मोजे टांगले, पीटीचे सर सांता झाले, आणि माईकवरून एकेक नाव पुकारून वाटप. ज्याची वस्तू मोज्यात मावली त्याला मोजा, ज्याची मावली नाही त्याला मोजा अधिक भला थोरला खोका. पालकांना बसायला खुर्च्या, आणि अर्थातच मोबाइल वर करून शूटिंग.

बाकावरचा मित्र आरटीईतून आलेला. वडील रिक्षा चालवतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, आणि त्यानुसार खाजगी शाळांना पहिल्या प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. महाराष्ट्रात २०२४ मध्ये सरकारनं यातून पळवाट काढली होती, की जवळ सरकारी शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट. ती त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केली. म्हणजे कोर्टात भांडून आपण ही पोरं एका बाकावर बसवली. आणि मग एक दिवस लाल टोपी घातलेला माणूस आणून, माईकवरून, सगळ्यांसमोर सांगितलं की हा गाडीवाला आणि हा पेन्सिल बॉक्सवाला.

नुसतं एवढंच असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. श्रीमंती-गरिबी पोरांना दिसतेच. डब्यात दिसते, बुटात दिसते, वाढदिवसाला वर्गात वाटलेल्या चॉकलेटात दिसते. पण तिथं पोराला माहीत असतं की हे त्याच्या बाबांनी आणलंय. सांताचं प्रकरण वेगळं आहे. तिथं आपण आधी वर्षभर कानीकपाळी ओरडून सांगतो की सांता शहाण्या मुलांना बक्षीस देतो. म्हणजे सिस्टिमचं इनपुट काय, तर वागणूक. आउटपुट काय, तर भेट. प्रत्यक्षात आत कोड लिहिलाय भलताच, इनपुट घेतोय बापाचा (किंवा मामाचा) पगार. पोराला आतला कोड दिसत नाही, त्याला फक्त स्पेसिफिकेशन सांगितलंय. तो बिचारा सरळ हिशेब मांडतो. पेन्सिल बॉक्स मिळाला, म्हणजे मी कमी शहाणा. आणि ज्याला गाडी मिळाली तो मांडतो की मी जास्त शहाणा. मला विचाराल तर दुसरा हिशेब पहिल्यापेक्षा वाईट. माझा भाचा निदान कोड्यात पडला. उद्या पडायचा बंद होईल.

आता दोन्ही बाजूंच्या मंडळींना उत्तर देऊन टाकतो.

पहिली बाजू तुम्हाला माहीत आहेच. २० डिसेंबर उजाडला की फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड सुरू होतात. आपली संस्कृती, आपले सण, हे कुठलं परदेशी खूळ, मोजे कसले टांगता, तुळशीची पूजा करा वगैरे. माझी तक्रार वाचून यांना आनंद होईल, म्हणून आधीच सांगतो, मी तुमच्यात नाही. कोल्हापुरात नाताळ काही कुठल्या मॉलनं आणलेला नाही. रॉयल वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आला. न्यू शाहूपुरीतलं वायल्डर मेमोरियल चर्च त्याच्याच नावाचं. त्याचा मुलगा रॉबर्ट, जो पुढं अमेरिकेतल्या विद्यार्थी मिशनरी चळवळीचा पुढारी झाला, तो जन्मला १८६३ मध्ये इथंच. म्हणजे बऱ्याच घरांत गणपतीचं डेकोरेशन सुरू व्हायच्या आधीपासून या गावात नाताळ आहे. नाताळ हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून येऊन इतका मुरलाय की आपल्याला तो परका वाटत नाही.

आणि गंमत ऐका. कॉलेजातला माझा एक मित्र, चार पिढ्यांचा ख्रिस्ती, पक्का कोल्हापूरकर (रविवारी तांबडा-पांढरा चुकवणार नाही). त्याला मी हे मोजाप्रकरण सांितलं तर हसायला लागला. म्हणाला, "भावा, आमच्या घरात कुणी आजवर मोजा टांगलेला नाही. आमच्यात करंज्या असतात." खरंच आहे. त्यांच्याकडं नाताळ म्हणजे करंज्या, शंकरपाळी, चिवडा, चकली. रात्री कॅरोल म्हणत फिरणारी मंडळी. गॅलरीत चांदणी, जी दिवाळीच्या आकाशकंदिलाशेजारी टांगली तर ओळखू येणार नाही. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडं फराळाची ताटं. आमच्याकडं दिवाळीला ताट जातं, त्यांच्याकडून नाताळाला येतं, आणि रिकामं ताट परत करायचं नसतं हा नियम दोन्हीकडं सारखाच. मोजे टांगणारे कोण, तर आमच्यासारखे. थर्ड फ्लोअर, टू बीएचके, फायरप्लेस नाही, चिमणी आहे ती किचनमध्ये, गॅसवर. :)

आता दुसरी बाजू, म्हणजे आपलीच. "अरे, एवढं काय मनावर घ्यायचं? पोरांचा आनंद आहे, होऊ दे की." मी स्वतः असाच होतो, म्हणून तर १४०० घातले. पण मला एक सांगा, आपल्या ऑफिसात सीक्रेट सांता असतो की नाही? त्याच्या मेलमध्ये पहिली ओळ काय असते? लिमिट ५०० रुपये. का असते? कारण कुणी दोन हजारांचं दिलं आणि कुणाला दीडशेचा मग आला, तर टीममध्ये कटकट होते, हे एचआरला कळतं. लठ्ठ पॅकेजवाल्या, बऱ्यापैकी सारखाच पगार घेणाऱ्या, तिशीला टेकलेल्या लोकांचं मन दुखू नये म्हणून लिमिट. आणि सहा वर्षांच्या पोरांना, ज्यांच्या घरच्या उत्पन्नात वीस-वीस पटीचा फरक आहे, त्यांना काही लिमिट नाही. वर आपल्या ऑफिसात निदान देणाऱ्याचं नाव गुप्त असतं आणि तो खरोखर दुसऱ्यासाठी आणतो. शाळेत प्रत्येक बाप आपल्याच पोरासाठी आणतोय. याला भेट म्हणायचं की कुरिअर?

"जग असंच असतं, शिकू दे लवकर," हेही एकानं ऐकवलं. जग असंच असतं हे मान्य. पण मग सरळ सांगा ना, की बाबाकडं पैसे आहेत म्हणून गाडी आली. ते सांगायची लाज वाटते म्हणून तर दाढीवाला मध्ये उभा केला.

मुळात हा मोजा कुठून आला ते पाहिलं तर जास्तच वाईट वाटतं. गोष्ट अशी सांगतात. चौथ्या शतकातला निकोलस नावाचा बिशप, मायरा गावचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला. एका कंगाल झालेल्या बापाला तीन मुली, हुंड्याला पैसे नाहीत, मुलींचं वाट्टेल ते होणार अशी वेळ. (हुंडा म्हटल्यावर एकदम घरचीच गोष्ट वाटते की नाही?) निकोलस रात्री गुपचूप जातो आणि घरात सोनं टाकून येतो. एका पाठात ते सोनं वाळत घातलेल्या मोज्यांत पडतं. झाली दंतकथा, मानायची तर माना. पण तिचं मर्म बघा. ज्याच्याकडं नाही त्याला द्यायचं. रात्री द्यायचं, कारण उजेडात दिलं तर घेणाऱ्याची मान खाली जाते. आपण काय केलं, तर ज्याच्याकडं आहे त्याला दिलं, आणि माईक लावून दिलं.

तिकडं मोज्याच्या टोकाला एक संत्रं घालायची जुनी पद्धत आहे, त्या सोन्याच्या गोळ्याची आठवण म्हणून. एक संत्रं, मूठभर सुका मेवा, थोडी मिठाई. पायमोजाच तो, घरात वापरातला, मावणार किती? मोज्याला माप आहे हीच त्यातली चांगली गोष्ट होती. १८२३ सालच्या त्या प्रसिद्ध अमेरिकन कवितेतही पोरांचे मोजेच आहेत, मोज्याबाहेर ठेवलेले खोके नाहीत.

आपल्याकडं याच्या जवळचं काही असेल तर ते बोरन्हाण. संक्रांतीच्या सुमारास, लहान पोराला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून ओतायचं. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, भुईमुगाच्या शेंगा, गोळ्या. आणि मग गल्लीतली सगळी पोरं तुटून पडणार. ढीग एकच. कुठल्या बोरावर कुणाचं नाव नाही. ज्याची झडप मोठी त्याला जास्त, बस्स. मला माझं स्वतःचं आठवत नाही, पण शेजारच्या एकाच्या बोरन्हाणात मी खिसे फाटेपर्यंत गोळ्या भरल्या होत्या आणि आईचा मार खाल्ला होता हे पक्कं आठवतं. बोरन्हाण काही फार पवित्र आहे असं नाही. बोलावणं कुणाच्या घरी जायचं आणि कुणाच्या नाही, हे तिथंही ठरलेलं असायचंच. आणि हल्ली तिथंही बॅनर, फोटोग्राफर आणि रिटर्न गिफ्टच्या पिशव्या आल्यात. पण एका ढिगातून सगळ्यांनी उचलायचं ही आयडिया मला अजून पटते.

शाळेच्या त्या हॉलमध्ये स्टेजच्या मागं शाहू महाराजांचा मोठा फोटो आहे. ताईनं पाठवलेल्या व्हिडिओत सांता बरोबर त्याच्या खाली उभा. ज्या राजानं १९१७ मध्ये या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याच्या फोटोखाली! २६ जूनला याच स्टेजवर पोरं त्यांच्यावर पाठ केलेली भाषणं करतात. यावर मी जास्त बोलत नाही.

मग म्हणाल, करायचं काय? मोजा बंद करा असं मी म्हणत नाही. नावं काढा. प्रत्येकी पन्नास रुपये, ज्याला जमेल त्यानं, न जमेल त्याला विचारायचं नाही. सगळ्याचा एक ढीग. त्यातून वर्गातल्या पोरांनीच एकमेकांचे मोजे भरायचे, सगळ्यांना तेच. टोकाला एक संत्रं, डिसेंबरात ते आपल्याकडं मिळतंच. गुऱ्हाळं चालू असतात, तेव्हा गुळाचा एक खडा. शेंगदाण्याची चिक्की. भडंगाची पुडी (तिखट कमी). एक पेन्सिल. वर हवा तर सांता उभा करा, पीटीचे सर हौशी आहेत, चांगलं हो-हो-हो करतात.

हे असंच्या असं ताईनं यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर पालकांच्या ग्रुपवर टाकलं. नऊ अंगठे आले. एका आईनं वेगळा मेसेज करून "बरं झालं बोललात" म्हटलं, ग्रुपवर मात्र गप्प. एका वडिलांनी लिहिलं, "आमच्या मुलाला आम्ही काय द्यायचं हे दुसऱ्यांनी का ठरवायचं?" त्यावर मी ताईकडून लिहून घेतलं की घरी द्या ना, हवं ते द्या, हेलिकॉप्टर द्या. त्याला उत्तर आलं नाही. क्लास टीचर म्हणाल्या, मला पटतंय पण वर विचारावं लागेल. वर विचारलंय. अजून काही कळवलेलं नाही.

भाचा आता दुसरीत आहे. रिमोटची गाडी जानेवारीतच बंद पडली. बाकावरचा मित्र तोच आहे आणि तो पेन्सिल बॉक्स अजून वापरतो, झाकण थोडं उडालंय. परवा फोनवर भाच्याला विचारलं, यंदा सांताकडं काय मागणार? म्हणाला, "दोन सेम गाड्या." ताईला म्हटलं, चिक्कीचा होलसेल भाव तेवढा काढून ठेव, शाळेचं काहीही होवो, मी २२ ला रात्रीच्या गाडीनं येतोय.